मी संत्र्याचं झाड नव्हे

कॅन्सर झाल्यावर काय खावं आणि काय खाऊ नये, हे मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यापैकी एकालाही कॅन्सर झालेला नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर वाचणाऱ्याला कारण ठाऊक असेल.

मी सौंसरला राहते. वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. लोक तणतणत येतात, मी ऐकून घेते, नोंद करते, लाइनमनला फोन लावते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या, आता माझी एक ऐका. उपचार संपले आहेत, तब्येत बरी आहे, अधूनमधून नागपूरला तपासणीला जाते. ज्यांच्या घरी हे आत्ता सुरू आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. औषधांची नावं इथे सापडणार नाहीत, ती डॉक्टर सांगतील. मला बोलायचंय ते ताटाबद्दल. औषधांनी माझे केस नेले, पण मला खरं जेरीस आणलं ते माझ्या ताटावर प्रेम करणाऱ्यांनी.

गाठ

पोळा नुकताच झाला होता. आंघोळ करताना डाव्या बाजूला छातीत गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून थोडे दिवस दुर्लक्ष केलं, मग नागपूरला गेलो. रिपोर्टच्या दिवशी मी आणि आमचे हे, वसंतराव, डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. गाठ कॅन्सरची आहे, लवकर सापडली आहे, आधी ऑपरेशन, मग केमोथेरपीचे डोस, आणि ते पूर्ण घेतले तर चांगली आशा आहे. त्यातलं ‘पूर्ण घेतले तर’ एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, “साहेब, हिले भात चालते का?”

मला असा राग आला! बायकोला कॅन्सर निघालाय आणि हा माणूस भाताचं विचारतो. डॉक्टर म्हणाले, चालतो. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, आणि हे सावनेर येईपर्यंत शेंगदाण्याची पुडी हातात धरून बसले होते. ती त्यांनी उघडली नाही. तेव्हा मला कळलं की भीती दोघांनाही सारखीच वाटते आहे, फक्त त्यांना ती भातातून बोलता येते.

काय खाण्यात आलं?

ऑपरेशन होऊन घरी आले आणि भेटायला माणसं येऊ लागली. कसं वाटतं, हे विचारायच्या आधी सगळे विचारायचे, “काय खाण्यात आलं होतं?” जणू मी कुठेतरी चोरून काहीतरी खाऊन आले होते. समोरच्या घरातले भाऊजी गालात खर्रा धरून बसले होते. ते मला म्हणाले, “वयनी, तुमी तं साधी सुपारीबी खात नाई. मंग तुमाले कसं झालं?” मग उठून नालीत थुंकून आले आणि हळद किती आणि कशी खायची ते मला सांगितलं. मी दमले होते, नाहीतर तंबाखूबद्दल दोन शब्द मीही सांगितले असते.

नणंद शोभा पांढुर्ण्याहून आली ती गव्हांकुरांचा हिरवा रस घेऊन. “आमच्या गल्लीतल्या एका बाईची गाठ यानंच विरघळली.”

“तिले दवाखान्यात नाई नेलं का?”

“नेलं न. ऑपरेशनबी केलं.”

“मंग?”

“पन गाठ यानंच गेली.”

मी रस प्यायले. शोभा दिवसभर माझे पाय चेपत बसली होती, तिला काय बोलणार?

पाणी तोडलं

या सगळ्यांना मी पुरून उरले असते. पण मग मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझ्या आजाराचा ताबा घेतला.

मामाजी आता म्हातारे झालेत, पण रामाकोन्याच्या वाटेवरची आमची संत्र्याची बाग अजून त्यांच्याच हुकमावर चालते. बाहेरच्यांसाठी सांगते. आंबिया बहार घ्यायचा असेल तर थंडीत संत्र्याचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, काही गळून पडतात. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लदून जातं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात, आणि आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. तर मामाजींनी मोबाइलवर एका दाढीवाल्या माणसाचा व्हिडिओ पाहिला. त्यात तो सांगत होता की रोगाला उपाशी ठेवा, रोग मरतो. मामाजींना ते एका झटक्यात पटलं.

“बाई, हे तं आपल्या बागेवानीच हाय,” ते मला समजावत म्हणाले. “पानी तोडाचं, जुना पाला झडू द्याचा. मंग पायजो कशी फुटते तू.”

“मामाजी, मी झाड हाव का?”

“झाड का अन् मानूस का. जीव तं जीवच असते.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून भात गेला, केळी गेली. दूध गेलं, कारण दुधानं गाठ वाढते म्हणे. डाळ जड पडते म्हणून डाळीचं वरचं पाणी तेवढं राहिलं, बिनमिठाचं. अंड्याचा प्रश्नच नव्हता, आमच्या घरात अंडं कधी आलंच नाही. संत्रं आंबट, जखम चिघळेल म्हणून तेही बंद. दारात संत्र्याचे कॅरेट लागलेले, आणि मी उकडलेली लौकी, म्हणजे दुधी भोपळा, खात होते. शिवाय खाटेवरून उतरायचं नाही. पाणी प्यायला उठले तरी घरात गलका व्हायचा.

छळणारी माणसं असती तर मी भांडले असते. पण मामाजी स्वतः वाटी घेऊन यायचे, शेजारी बसायचे, आणि वाटी रिकामी झाली की समाधानानं मान हलवायचे. असल्या माणसाच्या हातातलं लौकीचं पाणी फेकून देता येत नाही. मी गिळायचे आणि आतल्या आत चरफडायचे.

नागपूरच्या दवाखान्यात डोसच्या दिवशी आम्हा बायांना ओळीनं खुर्च्यांवर बसवायचे. हाताला सलाइन, डोक्याला रुमाल, आणि नंबर येण्याची वाट बघणं. बसल्या बसल्या सगळ्यांची सगळ्यांशी ओळख व्हायची. एकदा शेजारच्या खुर्चीवर काटोलकडची एक बाई होती. तिनं डबा उघडला तर वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर. माझी नजर हलेना. तिनं अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. तोंड आलेलं होतं, भाजी झोंबत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी खात होते. त्या बाईचं नावही मी विचारलं नाही, याची आजही चुटपुट लागते.

आज डोस नाही

पुढच्या वेळी गेले तेव्हा वजन केलं, रक्त तपासलं, आणि डॉक्टर म्हणाले, “आज डोस देता येणार नाही. फार अशक्तपणा आलाय. वजन असंच उतरत राहिलं तर पुढचे डोसही लांबतील, कदाचित थांबवावेच लागतील.”

मला पुन्हा ते ‘पूर्ण घेतले तर’ आठवलं. आजारानं नाही, मी लौकीनं मरणार होते.

आम्हाला आहार सांगणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणजे माझी पोरगी शोभेल अशी लहान मुलगी. तिनं विचारलं, “ताई, सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाता?” मी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. तिनं पेन खाली ठेवला.

हे म्हणाले, “पन मॅडम, साखर रोगाले पोसते म्हनते.”

“काका, साखर सगळ्या शरीरालाच लागते. ताईंना उपाशी ठेवल्यानं आजार उपाशी राहत नाही, ताई राहतात. गोड आणि तळलेलं कमी खाल्लेलं तुम्हाआम्हाला सगळ्यांनाच बरं. पण आत्ता यांना ताकद पाहिजे. घट्ट वरण, दही, पनीर, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं. फळं धुऊन, सोलून. आणि पडून राहायचं नाही. रोज चालायचं, झेपेल तेवढं.”

“अन् संत्रं?” मी विचारलं.

“तोंड झोंबत नसेल तर खुशाल खा.”

ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग वैताग आला. जगभरात एवढी शिकलेली माणसं इतकी वर्षं या रोगावर अभ्यास करून राहिली, आणि त्यातून निघालं काय, तर वरण खा, भाजी खा, वजन सांभाळा, तंबाखू-दारू नको, चाला. यात व्हिडिओ करण्यासारखं काहीच नाही, म्हणून कोणी पाहत नाही. मी तिला तसं म्हटलं, तर ती हसली. म्हणाली, “खरं आहे ताई. हमखास बरं करणारं किंवा हमखास वाचवणारं असं एकच खाणं कोणाला सापडलेलं नाही. नीट खाण्यानं, चालण्यानं धोका कमी होतो, उपचार सोसायला बळ येतं. तेवढंच सांगता येतं.”

मग मी तो प्रश्न विचारला, जो मी घरात कोणालाही विचारला नव्हता. “माझ्या खाण्यानं झालं का हे?”

“एका माणसाबद्दल असं कोणीच सांगू शकत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही ते ओझं घेऊ नका.”

मी तिथेच रडले. पण या वेळचं रडणं वेगळं होतं, पाठीवरचं पोतं उतरल्यासारखं.

चालायचं कुठे?

घरी आल्यावर मामाजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पोरगी हाय ते. तिले काय मालूम.” वरण ताटात आलं, पण पातळच. मी यांच्यावर कडाडले, “तुमी तुमच्या बाबाले बोलत काऊन नाई?”

यांनी खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, “कसा बोलू? माय याच रोगानं गेली. तवा बाबानं तिले जे मांगन ते खाऊ घातलं. पेढे, श्रीखंड, सारं. आता त्याइले वाटते, आपनच रोग पोसला.”

सासूबाई पोटाच्या कॅन्सरनं गेल्या ते मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. माझा राग गेला नाही, पण कोणावर काढावा ते कळेनासं झालं.

निदान चालावं म्हणून बाहेर पडले. आमच्या गावात डोक्याला रुमाल बांधलेली बाई एकटी चालू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं. कोपरा ओलांडत नाही तोच मोटरसायकल थांबायची. “मॅडम, कुठं चालल्या? बसा, सोडून देतो.” नाही म्हटलं तर पुढचा थांबायचा. “घरी काही झालं का? पैदल काऊन चालून राहिल्या?” एकानं तर मला विचारल्याशिवाय ऑटो थांबवला. ज्यांच्या घरची वीज मी वेळेवर जोडून दिली होती ती सगळी माणसं उपकार फेडायला रस्त्यावर उतरली होती. मोहगावच्या रस्त्यावर एके दिवशी मी चिडून म्हणाले, “मला चालायचंच आहे,” तर तो माणूस गाडी बंद करून माझ्याबरोबर पायी चालू लागला आणि वीजबिल जास्त आल्याचं सांगू लागला.

शेवटी मी यांना म्हटलं, मला बागेत घेऊन चला. तिथे कोणी गाडीवर बसवणार नाही.

कोपऱ्यातली झाडं

बाग ताणावर होती. माती तडकलेली, पानं वळलेली. आजारी पडल्यापासून मी बागेत पाऊल टाकलं नव्हतं. दोन ओळींमधून हळूहळू चालत होते, दम लागला की खोडाला हात टेकून उभी राहत होते. हे गाडी लावून मागून येत होते. विहिरीकडच्या कोपऱ्यात पोचले तर पाण्याचा आवाज आला.

मामाजी वाकून पाइप धरून उभे होते. कोपऱ्यातल्या मोजक्या झाडांना पाणी देत होते. खोडाला थेंबही लागू न देता, दुरून, आळ्याच्या कडेनं.

“मामाजी, पानी तं तोडलं न?”

“तोडलं न. बागेचं तोडलं.”

“मंग याइले काऊन देऊन राहिले?”

त्यांनी वर न पाहता सांगितलं, “याइले डिंक्या लागला. पाय न, खोडातून डिंक वायते, खोड ओलं झालं का अजून सडते. याइले कसं ताणावर सोडू? मरून जाईन ते. बिमार झाडाचं पानी कोनी तोडते का, बाई? त्याले आदी जगवा लागते.”

मी खोडाला धरून उभी होते.

“मामाजी,” मी म्हटलं, “मंग माहं काऊन तोडलं?”

पाइप त्यांच्या हातातच होता. आळं भरलं, पाणी काठावरून वाहू लागलं, ते खोडाकडे निघालं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. यांनी पुढे होऊन पाइप बाजूला ओढला.

“मले डोस नाई भेटला,” मी म्हटलं. “अजून वजन उतरलं तं पुढचे बी नाई भेटनार. मले मराचं नाई, मामाजी. मले भूक लागते. रोज भूक लागते मले.”

मामाजी बांधावर बसले. म्हणाले, “तिले मी सारं खाऊ घातलं होतं.”

“तुमच्यानं नाई झालं ते. मी विचारून आली. कोनाच्या खाण्यानं झालं अन् कोनाच्या नाई, एका मानसाबद्दल कोनीच नाई सांगू शकत.”

त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं की नाही हे मला आजही माहीत नाही. उठून त्यांनी पाइप पुढच्या झाडाकडे नेला. जाता जाता यांना म्हणाले, “वसंता, हिले घरी ने. अन् वरन घट्ट कराले सांग.”

टरफल

त्यानंतर सुख लागलं असेल असं वाटलं असेल तर तुम्हाला आमचं घर माहीत नाही. आता पाणी सोडायची वेळ आली होती. उठल्यापासून झोपेपर्यंत माझ्यासमोर काहीतरी यायचं. दही, शेंगदाण्याचा लाडू, पनीर, पुन्हा दही. नाही म्हटलं की मामाजी दारात येऊन उभे राहायचे. संत्री तर इतकी सोलून ठेवायचे की पाहुण्यांना वाटून संपेनात. उपाशी ठेवण्यात जो हट्ट होता तोच आता भरवण्यात होता, आणि मी दोन्हीकडून कावले होते.

अंड्यावर मात्र तोडगा निघाला. घरात नाही, पण बागेतल्या खोलीत चालेल. हे रोज मला बागेत न्यायचे, मी ओळींमधून फिरायचे, तोवर हे एका वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, अंडी उकडायचे. मामाजी त्या वेळी पाठ करून बसायचे.

वजन थोडं सावरलं. डोस मिळाला. मग पुढचा, आणि त्यापुढचा. प्रत्येक वेळी मी काट्यावर उभी राहिले की हे काट्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचे. मधे बागेचं पाणी सोडलं गेलं आणि बाग फुलली. शेवटचा डोस झाला तेव्हा सगळीकडे तो वास भरून राहिला होता. डोस संपले म्हणजे सगळं संपलं असं लोकांना वाटतं. मला मात्र पायऱ्या चढताना धाप लागत होती, आणि बोटांची टोकं औषधानं बधिर झाली होती. ब्लाउजचं हूकही लागत नव्हतं.

शोभा भेटायला आली ती बागेतच आली. “आता डोस झाले न, वयनी,” ती म्हणाली. “आता पयल्यावानी व्हा लवकर. ऑफिसात जा, पापड-कुरड्या करू आपन.” मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. सगळी बाग पांढरी आणि ती झाडं नुसती हिरवी. “बाबा, याइले फूल काऊन नाई आलं?”

“त्याइले यंदा कोनी फूल मांगत नाई,” मामाजी म्हणाले. “तगले, तेवढं लय हाय.” आणि थोड्या वेळानं, “हिलेबी नोको मांगू.”

शोभा यांना शोधत विहिरीवर गेली.

माझ्या हातात उकडलेलं अंडं होतं. रोज हे सोलून द्यायचे, पण त्या दिवशी ते मोटरपाशी अडकले होते. मी नखानं खरवडून पाहिलं. बोटांना काही कळत नव्हतं. अंडं दोनदा मांडीवर पडलं. मला इतका संताप आला की ते लांब भिरकावून द्यावं असं वाटलं.

मामाजी पाठ करून बसले होते. ते वळले. मांडीवरचं अंडं त्यांनी पाहिलं. मग धोतराला हात पुसून म्हणाले, “आन इकडे.”

त्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. त्यांनी ते संत्र्यासारखं धरलं, वरच्या टोकाला अंगठा खुपसला आणि एका बाजूनं ओढून सोललं. अर्धं पांढरं टरफलाबरोबर निघून आलं. पिवळं वर उघडं पडलं.

“मामाजी,” मी म्हटलं, “हे संत्रं नाई.”

“मालूम हाय,” ते म्हणाले. “खाय.”

उरलेलं अंडं मी खाल्लं. ते विहिरीवर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. दुसऱ्या दिवशी अंडी उकडल्यावर त्यांनी पाठ केली नाही, हात पुढे केला.